ठकूआयचा भुंगा

ठकूआयनं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तिच्या कडब्याच्या गंजीवर चढून बसलो होतो. हौसेनं नव्हे, खाली तिचा कुत्रा होता. हातातली लाकडी पेटी मी पोटाशी घट्ट धरली होती, कारण तिच्यात बाहेरच्या एका संस्थेकडून मागून आणलेले पंप होते, आणि सांगलीहून निघताना कॉलेजातल्या सरांनी बजावलं होतं, "तुझं काही झालं तर बघू, पंपाला ओरखडा येता कामा नये."

"कोन हाय रं वर?" खालून आवाज आला.

"मी कॉलेजातून आलोय. आधी कुत्रा आवरा!"

"चावत न्हाई त्यो. उतर."

"मग भुंकतोय कशाला?"

"तू पळालास म्हून. हुबा ऱ्हायला असतास तर वास घिऊन गेला असता."

मी उतरलो. माझ्याबरोबर निम्मी गंज उतरली. समोर एक उंच, काटक म्हातारी कुत्र्याचा कान धरून उभी होती. कपाळावर कुंकवाच्या जागी हिरवं गोंदण, पानानं लाल झालेले दात, आणि नऊवारीच्या ओच्याशेजारी खोचलेली चंची, म्हणजे कप्प्याकप्प्यांची ती पानसुपारीची कापडी पिशवी. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग पेटीकडं पाहिलं.

"काय इकतूस?"

"विकत नाही. हवा मोजायला आलोय."

तिनं मान वर करून आभाळाकडं पाहिलं. औंधच्या पुढचा तो कोरडा मुलूख. यमाईचा डोंगर सोडला तर नजरेला अडायला काही नाही.

"मोज की," ती म्हणाली. "लय हाय."

ठकूआयची आठवण आली की मला अजून हसू येतं, आणि मग हसू आल्याची लाज वाटते. ही दोन्ही एकामागून एक अशीच येतात, इतक्या वर्षांत त्यांचा क्रम बदललेला नाही.

नव्वदीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला नुकताच लागलो होतो आणि प्रयोगशाळेतली काचेची भांडी फोडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मला काचेपासून लांब ठेवावं या एकाच हेतूनं सरांनी मला त्यांच्या धुराच्या कामात घेतलं असावं, असा मला दाट संशय आहे. सरांचं म्हणणं असं की शहरात एका इमारतीच्या गच्चीवर मोठं यंत्र ठेवायचं आणि गावाची हवा अशी-अशी आहे म्हणून सांगायचं, हा शुद्ध खुळेपणा. "हवा गावाची नसते रे, माणसाची असते," ते म्हणायचे. "एका घरात राहणाऱ्या दोन माणसांच्या नाकात दोन वेगळ्या हवा जातात." म्हणून यंत्र माणसाच्या अंगावरच बांधायचं. विटेएवढा पंप कमरेला, त्यातून निघालेली नळी खांद्यावरून पुढं, आणि नळीच्या टोकाला गळ्यापाशी टाचलेली एक गोल डबी. डबीत पांढरा गाळणकागद. माणूस दिवसभर जिथं जाईल तिथली हवा पंप ओढत राहणार आणि त्या हवेतलं जे काही असेल ते कागदावर बसणार. कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा. वजनातला फरक म्हणजे त्या माणसाच्या वाट्याचा धूर.

आणि हे नुसतं मोजण्यासाठी नव्हतं. ज्या घरांचे कागद सगळ्यांत काळे येतील, त्या घरांना धुराड्याची चूल बसवून मिळणार होती. चुली मोजक्याच होत्या. ठकूआयच्या वाडीत तर प्रत्येक घरात शेणी, तुराट्या आणि बाभळीची ओली-सुकी लाकडं जळत होती. तेव्हा कागद बोलणार आणि चूल येणार, इतका सरळ हिशेब होता. सरळ हिशेबात माझा पाय कसा घसरतो हे मात्र सरांना पुरतं माहीत नव्हतं.

आमच्या पथकात जोशीबाई होत्या. त्या थेट आत जायच्या, चुलीपाशी फतकल मारायच्या आणि जी भाकरी थापत असेल तिच्याच गळ्यात डबी टाचायच्या. सगळी घरं त्यांनीच करायची ठरली होती. पण त्या दिवशी त्यांना उशीर होत होता म्हणून वाडीच्या टोकाचं हे एक घर माझ्याकडं आलं. मी परका पुरुष. मी कसा आत जाणार? ठकूआयनं दारापुढच्या सोप्यावर घोंगडं टाकलं, त्यावर मी बसलो. गूळपाणी आलं. ते आणणारी बाई दारापर्यंत आली, लोटा उंबऱ्याच्या आत ठेवून पदरात खोकली आणि परत अंधारात गेली. तिचे डोळे लाल होते एवढं मला दिसलं. ती सून, सगुणा. नवरा, म्हणजे ठकूआयचा मुलगा बिरू, मेंढरं घेऊन खाली कोकणात उतरला होता. घरात ह्या दोघीच आणि सगुणेचं पाठीशी बांधलेलं तान्हं पोर.

"आजी," मी सुरुवात केली.

"आजी कुनाला म्हंतूस? तुझी आजी कुटं आन् मी कुटं. आय म्हन."

"बरं, आय. हे यंत्र घरातल्या एका बाईनं काही दिवस, दिवसभर अंगावर बाळगायचं."

"कुन्या बाईनं?"

इथं मला सांगायचं होतं, चुलीपुढं बसणाऱ्या बाईनं. पण सोप्यासमोर तोवर शेजारपाजार जमला होता, म्हातारी माझ्या डोळ्यात डोळा घालून बघत होती, आणि एका वयस्क बाईला "तुम्ही नव्हे, तुमची सून" असं चारचौघांत म्हणणं मला फार उद्धटपणाचं वाटलं. मी सभ्य माणूस. मी म्हणालो, "घरातल्या मुख्य बाईनं."

"मग मीच की," ठकूआय म्हणाली आणि जमलेल्यांकडं वळली. "का दुसरी कोन हाय?"

"न्हाई गं आय, तूच!" लोक हसले.

त्या घराची एक रीत होती, ती मला पुढं कळली. घरात येणारी कोणतीही नवी वस्तू आधी ठकूआयच्या हातात जायची. मोसमातला पहिला आंबा, मेंढराची पहिली लोकर, बाजारातून आलेलं लुगडं, अगदी सुनेसाठी घेतलेली काकणंसुद्धा. ती वस्तू हातात घेऊन बघायची, नाकाशी न्यायची, आणि मग "हां, घ्या," म्हणायची. यात जुलूम नव्हता. तिची सासू तसंच करायची, तिच्या सासूची सासूही. तेव्हा यंत्र आलं आणि ते थोरलीच्या अंगावर गेलं, यात वाडीतल्या कुणालाही काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. माझ्या डोक्यात फक्त एक अडचण होती, पंप बांधायला हिला पट्टा नाही!

परदेशी पंप, विजारीच्या पट्ट्याला अडकवायचा आकडा त्याला. नऊवारीत तो कुठं अडकवायचा? मी पेटीतून दोरी काढली, सोडली, परत काढली. ती गंमत बघत होती. मग तिनं चंची कमरेतून काढली, मधल्या मोठ्या कप्प्यातली पानं दुसऱ्यात सारली आणि पंप त्यात बसवला. इतका नेमका बसला की जणू शिंप्यानं पंपाचं माप घेऊनच चंची शिवली होती. मी कळ दाबली. पंप गुरगुरायला लागला.

"अगं बया," ती म्हणाली. "भुंगा हाय की ह्यो!"

तेव्हापासून तो भुंगाच. ती त्याच्याशी बोलायची. "गप रं, मानूस बोलतंय न्हवं," असं म्हणून चंचीवर चापट मारायची. पान काढताना चुन्याचं बोट त्याला लागायचं. प्रयोगशाळेत परत आल्यावर त्या पंपाला काताचा वास यायचा आणि सर नाक मुरडून विचारायचे, "हा कुणाकडं होता?" मी म्हणायचो, "मुख्य बाईकडं, सर."

पहिल्याच दिवशी मी केलेला पराक्रम सांगायला हवा. डबीला पुढं एक लाल टोपण असतं. यंत्र चालू करण्याआधी ते काढायचं असतं. ठकूआय दिवसभर चंचीत भुंगा घेऊन फिरली, रानात गेली, बिरोबाच्या देवळात गेली, वादावादी झालेल्या भावकीत मध्यस्थी करून आली, आणि संध्याकाळी मी गळ्यापाशी बघतो तर लाल टोपण जिथल्या तिथं. पंप बिचारा दिवसभर बंद दाराशी डोकं आपटत होता.

"काय झालं रं? तोंड का उतारलं?"

"आय, टोपण काढायचं राहिलं. एक दिवस जास्त घालावं लागेल."

मला वाटलं, ओरडेल. तिचा चेहरा उजळला. "घालू की. मला काय जड हाय व्हय!"

कारण एव्हाना भुंग्यानं तिला मोठं केलं होतं. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम औंधच्या बाजाराला गेली. एसटीत कंडक्टर म्हणाला, "म्हातारे, रेडू लावलाईस तर जरा आवाज तरी सोड, गानी ऐकू." त्यावर सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं तिनं उत्तर दिलं, "रेडू न्हवं. सरकार माझा सास मोजतंय. तुझा कुनी मोजलाय का?" मी सरकार नव्हतो, पण त्या गाडीत मी मागच्या बाकावर होतो आणि मला उगीचच ताठ बसावंसं वाटलं.

झालं. बाजारातून बातमी पसरली की ठकूआयचा श्वास मोजायला लागलेत. श्वास मोजायला लागलेत म्हणजे थोडेच उरलेत. दोन दिवसांत पाटणकडं दिलेली तिची लेक आली, ती वेशीपासूनच गळा काढत. पाठोपाठ भाऊबंद. सोप्यासमोर बायका बसल्या, आयनं काय-काय केलं, कुणाकुणाला जगवलं, हे सुरात सांगायला लागल्या. ठकूआय आत माजघरात होती. ती दाराआड उभी राहून सगळं ऐकत राहिली. चांगलं पोटभर ऐकलं. मग पान लावत बाहेर आली. लेकीनं जी किंकाळी फोडली ती ऐकून कुत्रा या वेळी गंजीवर चढला.

"अगं, रड की अजून वाईच," ती लेकीला म्हणाली. "मेल्यावर कोन काय म्हंतंय ते कुनाला ऐकाय मिळतंय? लय ग्वाड वाटलं बघ."

त्या दिवशी एवढ्या माणसांचा स्वयंपाक झाला. भाकरीवर भाकरी बाहेर येत होत्या. मीही जेवलो. जेवताना ठकूआय माझ्याशेजारी भुंगा गुरगुरत बसली होती, कडुलिंबाच्या सावलीत, वाऱ्याच्या तोंडाला. आतून मधून मधून खोकल्याचा आवाज येत होता.

"सगुणीला थंडी बाधतीया," ठकूआय म्हणाली. "ए सगुणे! मास्तराला अजून एक वाढ गं."

"नको, नको," म्हणत मी ती घेतली.

ती सुनेला वाईट वागवत नव्हती, हे मला लिहून ठेवलंच पाहिजे. थंडीत स्वतःचं घोंगडं तिच्या पोरावर टाकायची. सगुणेचं डोकं दुखलं की तेल चोळून द्यायची. पण चूल सुनेची आणि सोपा सासूचा, ही वाटणी तिच्या लेखी दिवस-रात्रीसारखी ठरलेली होती. स्वतः सून असताना तिनंही चुलीपुढं डोळे जाळले होते आणि सासू गेल्यावर ती उठून बाहेर येऊन बसली होती. बाहेर बसणं हे तिचं मिळवलेलं होतं. आणि त्या बाहेरच्या मोकळ्या हवेत मी तिच्या गळ्यात डबी टाचली होती.

कागद सांगलीला गेले. तोलायचा तराजू काचेच्या पेटीत, नाकातल्या श्वासानंही हलणारा. सर तोलत असताना आम्ही सगळे श्वास रोखून उभे राहायचो. जोशीबाईंनी आणलेले कागद एकेक करून निघाले: काजळीसारखे, तव्याच्या बुडासारखे. मग माझा निघाला. दुधासारखा नाही म्हणता येणार, पण दुधात चिमूटभर माती पडावी तसा.

"ही बाई चुलीवर असते ना?" सरांनी चष्म्यावरून विचारलं.

"सर, ती घरातली मुख्य बाई आहे," मी म्हणालो. आणि मला खरंच वाटलं की मी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

सरांनी मान डोलावली. ते घर यादीच्या तळाला गेलं.

चुली घेऊन टेंपो वाडीत गेला त्या दिवशी मी मुद्दाम सोबत गेलो. एका घरी टेंपो थांबला, दुसऱ्या घरी थांबला, लोक गूळ वाटत होते. टोकाला ठकूआय सोप्यावर नवं लुगडं नेसून बसली होती. चंची कमरेला. अंगण सारवून, वर रांगोळी घातलेली. सगुणा पोराला कडेवर घेऊन दारात उभी. नव्या चुलीला लिंपायला म्हणून तिनं सकाळी पाणी मारून माती भिजवून ठेवली होती, तो ओल्या मातीचा गोळा उंबऱ्याशी दिसत होता.

टेंपो वळला आणि परत निघाला.

"मास्तर! आवं मास्तर! आमची ऱ्हायली की!"

मी उतरून तिच्याकडं गेलो. आणि मी काय केलं असेल? मी हसलो. आनंदाची बातमी द्यावी तसा म्हणालो, "आय, तुमच्या घरात धूरच नाही! सगळ्या वाडीत तुमचा कागद स्वच्छ. तुम्हाला चुलीची गरजच नाही."

त्या घरांना कौलं नसतात, मातीचं सपाट धाबं असतं आणि धूर जायला त्याला एक भोक ठेवलेलं असतं, सवणं म्हणतात त्याला. त्या सवण्यातून सकाळच्या भाकरीचा धूर अजून वर चढत होता. ठकूआयनं तो पाहिला. मी पाहिला. सगुणेनं पाहिला नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"म्हंजी," ठकूआय सावकाश म्हणाली, "भुंगा चुलीपशी बसाय पायजे हुता?"

"हो."

"सगुणीच्या गळ्यात?"

"हो, आय."

"मग तू बोलला न्हाईस त्ये?"

मी चाचरलो. चूक माझी होती, शंभर टक्के माझी, आणि ती माझ्या पदरात घालून तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. "मी मुख्य बाई म्हणालो..."

"व्हय," ती म्हणाली. "तू म्हनलास. पर मीच की, असं म्या म्हनलं." आणि तिथंच सोप्यावर ती खाली बसली. कमरेची चंची तिनं काढून मांडीवर घेतली आणि तिच्या मधल्या रिकाम्या कप्प्यात हात घालून कितीतरी वेळ नुसती चाचपत राहिली. "बाजारात मिरवला म्या त्यो. एसटीत मिरवला. आन् ही आत खोकत हुती."

"आत्याबाई, जाऊ द्या की," सगुणा म्हणाली. "मला काय सवय न्हाई व्हय?"

"तू गप."

मग माझ्याकडं वळून, "आनिक एकदा बांध. उद्या बांध. सगुणीला बांध."

पंप परत गेले होते. ते दुसऱ्या तालुक्याला, मग कुठं आणखी. मी सरांना भेटलो, सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तुला मी एकच वाक्य शिकवलं होतं रे, हवा माणसाची असते." बस्स, एवढंच. चुली संपल्या होत्या. पुढच्या वर्षी बघू म्हणाले, पुढच्या वर्षी तो सगळा उपक्रमच दुसऱ्या जिल्ह्यात गेला.

मग मी ठरवलं की आपणच धुराडं करायचं. सांगलीत एका पत्र्याच्या कारागिराकडून नळकांडी करून घेतली, एकात एक बसणारी. चुलीच्या धुराचं शास्त्र मी पुस्तकातून वाचलं आणि मला ते समजलं असा माझा समज झाला. नळकांडी खांद्यावर घेऊन मी एसटीत चढलो तेव्हा कंडक्टर तोच होता. "काय मास्तर, आता सरकार काय मोजतंय?" त्यानं विचारलं. मी नळकांडी सावरत मागच्या बाकावर जाऊन बसलो.

वाडीत पोचलो. कुत्रा भुंकला. मी पळालो नाही, उभा राहिलो. त्यानं वास घेतला आणि गेला.

सोप्यावर घोंगडं होतं, पण त्यावर ठकूआय नव्हती. तिथं सगुणा बसली होती, अगदी कडेला, कुणी उठवेल म्हणून बसावं तशी. पोर मांडीवर. समोर सुपात ज्वारी, पण हात चालत नव्हते. आणि तिच्या कमरेला ठकूआयची चंची होती. सगुणा पान खात नव्हती. चंची रिकामी, लोंबत होती.

"आय कुठं आहेत?"

तिनं आत बोट दाखवलं. भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"ऐकत न्हाईत दादा," ती हळूच म्हणाली. "टेंपो गेला त्या दिसापास्नं. मी चुलीकडं गेले की फुंकनी उगारत्यात. मला हितं बशिवत्यात. मला बाहीर करमत बी न्हाई ओ."

मी पहिल्यांदाच त्या घरात आत गेलो. डोळे सरावायला वेळ लागला. शेणीच्या धुरात ठकूआय चुलीपुढं उकिडवी बसली होती, पदर डोक्यावर घट्ट, गालांवरून पाणी वाहतंय आणि ते पुसायला हात मोकळा नाही.

"आय, हे काय? तुमचं वय काय..."

"कोन, मास्तर व्हय? ये. भुंगा आनलास?"

"नाही. धुराडं आणलंय."

"बशीव मग."

मी बसवलं. धाब्यावर चढून नळकांडी सवण्यातून खाली सोडली, बाजूची फट चिखलानं लिंपली, खाली उतरून चुलीला जोडली. शेणी पेटवली. क्षणभर धूर खरोखर वर गेला. मी विजयानं तिच्याकडं पाहिलं. मग यमाईच्या डोंगराकडून वारा फिरला, नळकांड्याच्या वरच्या तोंडातून आत घुसला, आणि सगळा धूर एकदम खाली आला. आणि धूर जायचं एकुलतं एक भोक तर मीच लिंपून बुजवलेलं. खोली काळीभोर झाली. मी खोकत, ठेचकाळत, तव्यावर पाय देत अंगणात येऊन पडलो. माझ्यामागून ठकूआय आली. चेहरा काळा, दात लाल. ती हसत होती. त्या बाजाराच्या दिवसांनंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

"मास्तर," ती खोकत म्हणाली, "तू आपला मोजतच जा. त्येवढंच बरं हाय."

नळकांडी मी काढून टाकली. सवणं मोकळं केलं. जरा वेळानं धूर निवळला, आणि पदर सावरून ती परत आत निघाली.

"आय, नका जाऊ. मी हात जोडतो. चूक माझी होती."

"तुझी हुतीच की," ती उंबऱ्यावर थांबून म्हणाली. "तुझी तू बघ. माझी मी बघती."

"मग मी निघतो. एसटी चुकेल."

"मला कशापायी इचारतूस?" तिनं सोप्याकडं मान वळवली. "मुख्य बाईला इचार. बाहीर बसलीया ती."

आणि ती आत गेली. पाठ वाकवून, अंधारात.

मी सगुणेकडं वळलो. तिच्या सबंध आयुष्यात कुणी तिची परवानगी मागितली नसावी, आणि माझ्याही आयुष्यात मला ती मागणं इतकं अवघड गेलं नव्हतं. "येऊ का?" मी म्हणालो. तिनं चंची कमरेवर जरा वर ओढली, पोराला खांद्यावर घेतलं, आणि खाली बघत म्हणाली, "या."

मी वेशीपर्यंत गेलो. मागं फुंकणीचा आवाज येत होता, आणि फुंकणी थांबली की खोकल्याचा. तो खोकला आता सगुणेचा नव्हता.